चौथा बेल्ट घालण्याआधी क्रँक पुली उघडून बघा

"काका, बेल्ट पुन्हा गेला."

मुलुंडच्या एका पोराचा हा फोन मला चौदा महिन्यांत चार वेळा आला. पहिल्यांदा तो बोरघाटात अडकला होता, दुसऱ्यांदा ईस्टर्न फ्रीवेवर, नंतर दोनदा सोसायटीच्या पार्किंगमध्येच. गाडी टर्बो पेट्रोल सेदान, चार सिलिंडर, ट्यूनिंग केलेली, म्हणजे ताकद वाढवलेली. पहिल्या दोन वेळा मी स्वतः इंजिनाच्या पुढचा नवा बेल्ट (एसी, अल्टरनेटर फिरवतो तो) आणि त्याला ताण देणारा टेन्शनर घालून रीतसर पैसे घेतले, हे आधीच कबूल करतो. तिसऱ्यांदा पुढचं ऑइल सील गळत होतं, पण तेव्हाही नुसता बेल्टच बदलला. चौथ्यांदा मात्र बेल्टला हात न लावता आधी क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याची, पुली उतरवली. तेव्हा कळलं की इतके दिवस आमचं आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी चाललं होतं.

घाटकोपरला आमचं छोटं गॅरेज आहे, आणि ट्यून केलेल्या गाड्या अलीकडे बऱ्याच येतात. तुमच्या गाडीचा बेल्ट सारखा उसवत असेल किंवा उडत असेल, क्रँकचं पुढचं सील काही महिन्यांत पुन्हा पाझरत असेल, क्रँकचा बोल्ट ढिला होत असेल, किंवा इंजिन ठणठणीत चालत असताना स्कॅनर मिसफायर (सिलिंडरमध्ये नीट पेट न घेणं) दाखवत असेल, तर हे सगळे एकाच दुखण्याचे चेहरे असू शकतात. ते दुखणं म्हणजे डॅम्पर.

गॅरेजमध्ये आपण तिला क्रँक पुली म्हणतो, फार तर डॅम्पर पुली. बेल्ट फिरवणारं चाक एवढीच तिची ओळख. पार्ट कॅटलॉगमध्ये टॉर्शनल व्हायब्रेशन डॅम्पर असं भारदस्त नाव असतं. अमेरिकन इंजिनांच्या लोकांनी हार्मोनिक बॅलन्सर असं नाव रूढ केलं आणि घोळ घातला, कारण चार सिलिंडरच्या गाडीत ती बहुधा काहीच बॅलन्स करत नाही. क्रँकचं वजन सगळीकडून सारखं करणं हे बॅलन्सिंग, ते मशीन शॉपमध्ये होतं. काही इंजिनांत बॅलन्स शाफ्ट असतात, ते अख्खं इंजिन वर-खाली हादरतं ते कमी करतात. काही व्ही-८ इंजिनांत बॅलन्सिंगचं थोडं वजन या पुलीवर ठेवतात हे खरं, तिथे मात्र चुकीची पुली लावली की इंजिन थडथडतं. पण डॅम्परचं मूळ काम या सगळ्यापेक्षा वेगळं आहे. त्याला क्रँकचा पीळ मारायचा असतो.

पीळ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे चुकतात. क्रँकशाफ्ट हातात घेतला तर तो पहारीसारखा कडक वाटतो. पण एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोट झाला की पिस्टनचा दणका क्रँकच्या त्या भागाला पुढे ढकलतो, आणि शेवटाचं जड फ्लायव्हील आपल्याच वेगाने फिरत राहतं. त्यामुळे शाफ्ट क्षणभर पिळला जातो आणि लगेच उलटा सुटतो. हा पीळ अंशाच्या अपूर्णांकात असतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. क्रँकचा पीळ मात्र एका सेकंदात शेकडो वेळा येतो आणि जातो.

आता लोकलच्या डब्यातल्या कड्या आठवा. दुपारची रिकामी गाडी स्टेशन सोडून वेग घेते. एका ठरावीक वेगाला सगळ्या कड्या एका तालात झुलून दांड्यावर खणखण आपटायला लागतात. वेग आणखी वाढला की आपोआप गप्प होतात. कड्या त्याच, रूळ तेच, फक्त गाडीच्या हादऱ्याचा ताल त्या विशिष्ट वेगाला कडीच्या स्वतःच्या तालाशी जुळला होता. प्रत्येक क्रँकलाही असा स्वतःचा पिळण्याचा ताल असतो. त्याची लांबी, जाडी, त्याला लटकलेले रॉड-पिस्टन आणि दोन टोकांचं वजन यांवर तो ठरतो. सिलिंडरचे दणके त्या तालात पडायला लागले की पीळ प्रत्येक दणक्याला वाढत जातो. बिडाला किंवा पोलादाला तो स्वतःहून जिरवता येत नाही.

हिशेब करून बघू. आकडा फक्त उदाहरणासाठी घेतो, प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. समजा आपल्या क्रँकचा ताल सेकंदाला ४८० वेळा आहे. चार सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या एका फेरीत दोन दणके. पण प्रत्येक दणका गुळगुळीत नसतो. त्याच्या पोटात छोटे, जलद ठोके असतात: फेरीला चार, सहा, आठ. फेरीला आठवाला ठोका ४८० शी जुळतो ३६०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या), सहावाला ४८०० ला आणि चारवाला ७२०० ला. साधारणपणे ठोका जितका जलद तितका कमजोर. म्हणजे ३६०० ची गाठ बारीक, ७२०० ची घातक. कंपनीने रेव्ह लिमिट, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, ६५०० ठेवलं असेल तर ती घातक गाठ कधी पडतच नाही. ट्यूनरने लॅपटॉप लावून लिमिट ७५०० केलं, की प्रत्येक गिअरमध्ये काटा त्या ७२०० वरून जातो.

शिवाय बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला म्हणजे प्रत्येक दणक्याचा जोर वाढला. शक्तिशाली इंजिनाला डॅम्परची गरज जास्त ती यासाठीच: दणका मोठा, आरपीएम वर, आणि क्रँकचे ताल जुळण्याच्या जागा जास्त. लांब क्रँकचं तर आणखी कठीण, कारण लांब शाफ्ट सहज पिळतो आणि त्याचा ताल खालच्या आरपीएमलाच जुळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका ओळीत सहा सिलिंडरची इंजिनं आली तेव्हा त्यांचे क्रँक असेच खडखडायचे, तुटायचेसुद्धा. त्यावर इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास डॅम्परचं पेटंट घेतलं. तत्त्व आजही तेच आहे.

तत्त्व सोपं आहे. पुली कापून पाहिली तर मध्ये क्रँकवर घट्ट बसणारा हब, बाहेर बेल्टच्या खाचा असलेली जड लोखंडी रिंग, आणि दोघांच्या मध्ये काही मिलिमीटर जाडीचं रबर. बाहेरची जड रिंग एकसारखं फिरू पाहते. क्रँकचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पुढे-मागे झटके खात असतं. मधलं रबर कणकेसारखं मळलं जातं आणि त्या मळण्यात पिळाची ताकद उष्णता होऊन निघून जाते. म्हणून लांबच्या धावेनंतर ही पुली गरम लागली तर घाबरू नका, ती काम करते आहे. रिंगचं वजन आणि रबराचा कडकपणा त्या विशिष्ट क्रँकच्या तालाला जुळवलेला असतो. त्यामुळे एका उंच, जीवघेण्या गाठीच्या जागी आजूबाजूला दोन बुटक्या, झेपतील अशा गाठी उरतात.

डॅम्पर पुढच्या टोकालाच का? मागच्या टोकाला जड फ्लायव्हील आहे, ते फारसं हलत नाही. मोकळं नाक मात्र सगळ्यात जास्त झुलतं. दुर्दैवाने टायमिंगचं स्प्रॉकेट (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारं दातेरी चाक) आणि बऱ्याच इंजिनांत ऑइल पंपही त्याच नाकावर असतात. पीळ वाढला की सगळ्यात आधी मार खातात ते हे.

आणि हे सगळं गाडीत बसून जाणवत नाही. स्टिअरिंग थरथरलं, सीट हादरली, तर ते इंजिन माउंटिंग, चाकं किंवा खराखुरा मिसफायर असेल. पिळाचं कंपन क्रँकच्या आतल्या आत चालतं. "गाडी एकदम स्मूद आहे काका" हे वाक्य म्हणूनच मी आता ऐकून सोडून देतो.

तपासणीला सुरुवात अशी करा. बोनेट उघडून वरून काही दिसत नाही. पुलीच्या बाजूचं पुढचं चाक काढा, आतलं प्लास्टिकचं लायनर सोडवा. टॉर्च मारून रबराची गोल रेघ बघा. ती सगळीकडे सारखी, आत बसलेली हवी. तडे, बाहेर आलेला फुगवटा, तुकडा गेलेला, किंवा तेल पिऊन मऊ-चिकट झालेलं रबर, यांतलं काहीही दिसलं की पुली गेली समजा. मुंबईत हे रबर लवकर वाळतं असा माझा अनुभव आहे. सायनपासून ठाण्यापर्यंत दीड तास एसी लावून रांगेत उभी राहणारी गाडी आणि गावाला महामार्गावर पळणारी गाडी यांच्या बोनेटखालची उष्णता एक नसते.

रबर वरून ठीक दिसलं तरी रिंग हबवर घसरलेली असू शकते. त्यासाठी घरातली नेलपॉलिश घ्या. पुली पुसून कोरडी करा आणि हब, रबर, रिंग अशी तिन्हींवरून एक सरळ रेघ ओढा. दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, पुन्हा बघा. रेघ तुटून रिंगवरचा तुकडा सरकला असेल तर निदान झालं. आमच्याकडचा पोऱ्या यासाठी लाल रंगच वापरतो, काळ्या पुलीवर तो चांगला उठतो.

डुगडुगणं बघायला मोबाइल पुरे. स्लो मोशनला सेकंदाला २४० फ्रेम घेणारा मोबाइल असेल आणि इंजिन आयडलला ८०० आरपीएमला असेल, तर पुलीच्या एका फेरीचे १८ फ्रेम मिळतात. रिंग थाळीसारखी डोलते का, बेल्ट तिच्यावर आत-बाहेर सरकतो का, स्वच्छ दिसतं. मात्र सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी फिरत्या बेल्टपासून दूर. नेमकं माप हवं असेल तर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावून हाताने इंजिन फिरवा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

टायमिंगची खूण बाहेरच्या रिंगवर असेल तर आणखी एक गोष्ट करा. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून, डायल गेजने पिस्टन खरोखर वर आला तो क्षण पकडा आणि खूण जागेवर आहे का बघा. रिंग घसरली असेल तर खूण खोटं बोलते. त्या खोट्या खुणेवर टायमिंग लावून बसलेले मी पाहिले आहेत.

स्कॅनरचं वाचनही जपून करा. बहुतेक गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) क्रँकचा वेग क्षणोक्षणी मोजून मिसफायर ओळखतो. क्रँकच पिळत असेल तर त्याला न झालेला मिसफायर दिसू शकतो, आणि मिसफायरचा पी०३०० हा कोड येतो. ज्या इंजिनांत सेन्सरचे दात पुलीच्या बाहेरच्या रिंगवर असतात, तिथे रिंग घसरल्यावर क्रँक सेन्सरचा पी०३३५ किंवा क्रँक-कॅमचा मेळ चुकल्याचा पी००१६ येऊ शकतो. लोक कॉइल बदलतात, प्लग बदलतात, इंजेक्टर साफ करतात. कोड मात्र परत येतो.

आता मुलुंडच्या गाडीकडे. चौथ्यांदा पुलीच्या बोल्टवर गोटी (सॉकेट) लावून लांब दांडा जोडला आणि जोर काढायला पाय रोवले. बोल्ट हातानेच फिरला. पोऱ्या माझ्याकडे बघून हसला, मला हसू आलं नाही. पुली बाहेर आली तर हातात अगदीच हलकी, चकचकीत निळ्या रंगाची, एकसंध ॲल्युमिनियमची. रबर शोधून सापडेना, कारण नव्हतंच. तीन वेळा बेल्ट घालताना मी तिच्याकडे पाहिलं होतं, पण अंधारात, वरून, घाईत, आणि बेल्टच्या खाचा ठीक आहेत ना एवढंच.

क्रँकच्या नाकावर आणि पुलीच्या आतल्या बाजूला लालसर तपकिरी, हळदी-कुंकवाच्या करंड्यात पडलेल्या चुऱ्यासारखी भुकटी होती. ही गंजाची नेहमीची पापुद्री नव्हे. दोन घट्ट दाबलेले धातू बारीक बारीक घासले की अशी भुकटी तयार होते. पुली क्रँकवर सेकंदाला शेकडो वेळा कणभर सरकत होती, म्हणूनच बोल्ट ढिला झाला. त्याच थरथरीने टेन्शनर उसळत होता आणि बेल्ट उडत होता, सीलच्या ओठाखाली खाचही त्यानेच पडली होती. पुढचं कव्हर उघडलं तेव्हा ऑइल पंपाच्या आतल्या गिअरला केसाएवढी चीर सापडली. तिथे माझा घसा कोरडा पडला. हे गिअर धातूची भुकटी दाबून बनवलेले असतात, भार सोसतात पण ठोके सोसत नाहीत. तो घाटात फुटला असता तर ऑइल प्रेशर शून्य आणि काही सेकंदांत बेअरिंग चिकटलेलं.

"तीन वर्षांपूर्वी बसवली होती काका. वजन कमी म्हणून पिकअप वाढतो म्हणाले."

"वाढतो की, थोडा," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? हलकी पुली फिरवायला ताकद कमी लागते. क्रँकच्या टोकाचं वजन कमी झाल्यावर पिळाची गाठही थोडी वरच्या आरपीएमला सरकते. पण सरकते, मरत नाही, आणि मारणारं रबर तर गेलेलं.

एक गोष्ट इथे सरळ सांगतो, नाहीतर कोणीतरी येऊन वाद घालेल. काही लहान इंजिनांना कंपनीच साधी, बिनरबराची पुली देते. त्या क्रँकला तेवढ्याने निभतं म्हणून देते. तिथे शक्ती वाढवली नसेल तर डॅम्पर शोधत बसू नका. उलट, बऱ्याच डिझेल गाड्यांच्या पुलीत दोन रबरं असतात. एक क्रँकच्या पिळासाठी आणि दुसरं बेल्टला झटके लागू नयेत म्हणून. त्यांतलं दुसरं फाटलं तर आवाज फार येतो पण क्रँक वाचतो. पहिलं गेलं तर आवाज नसतो.

बदलताना काय घ्यायचं? गाडी साधी वापरायची असेल, ट्यूनिंग मध्यम असेल, तर कंपनीचाच पार्ट नंबर असलेला नवा डॅम्पर. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरलात तर निम्म्या किमतीत हुबेहूब दिसणारा मिळेल, जुन्यावर नवं रबर चिकटवून देणारेही भेटतील. मी घेत नाही. रबर थोडं जास्त कडक किंवा मऊ निघालं तर डॅम्पर भलत्याच तालाला जुळतो, आणि ते बाहेरून कोणालाच ओळखता येत नाही.

फ्लायव्हील हलकं केलंय, रॉड-पिस्टन बदललेत, लिमिट वाढवलंय, अशी गाडी असेल तर क्रँकचा तालच बदललेला असतो. कंपनीचं जुळवलेलं रबर तिथे नेमकं बसेलच असं नाही. अशा इंजिनाला सिलिकॉन द्रव भरलेला डॅम्पर बरा. बंद डब्यात जड रिंग असते आणि भोवती मधापेक्षा कितीतरी घट्ट द्रव. तो एकाच तालाला बांधलेला नसतो, आरपीएमच्या मोठ्या पट्ट्यात काम करतो. पण त्याच्या अंगाला पोचा पडला तर आतली रिंग अडकते आणि तो नुसता जड लोखंडाचा गोळा उरतो. म्हणून त्याच्यावर हातोडी नाही, रबरी हातोडीसुद्धा नाही. ड्रॅग रेसला उतरणार असाल तर एसएफआय १८.१ या अमेरिकेतल्या रेसिंग सुरक्षेच्या मानांकनाचा शिक्का बघून घ्या. ते मानांकन डॅम्पर जास्त आरपीएमला फुटून तुकडे उडू नयेत यासाठी आहे.

बसवताना होणाऱ्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत. तीन पायांचा पुलर बाहेरच्या रिंगला अडकवून ओढला तर चांगला डॅम्पर उतरवतानाच मरतो, रबर सुटतं. हबला आटे पाडलेली भोकं असतात, पुलर तिथे लावायचा. क्रँक बोल्ट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो, कारण कसताना तो ताणला जातो. नवा घ्या. मॅन्युअलमध्ये आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंश असं दिलेलं असतं, ते टॉर्क पान्याने आणि अंशमापकाने करा. इम्पॅक्ट गनने "बसला" म्हणून सोडू नका. कित्येक नव्या इंजिनांत नाकावर चावीच (चाक घसरू नये म्हणून बसवलेली धातूची पट्टी) नसते, टायमिंगचं स्प्रॉकेट फक्त या बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. अशा गाडीत बोल्ट सोडण्याआधी टायमिंग लॉक करायची हत्यारं लावा. नाहीतर पुली बदलायला आलेल्या माणसाला वाकडे व्हॉल्व्ह घेऊन घरी जावं लागेल.

मुलुंडच्या गाडीत आम्ही कंपनीचा डॅम्पर, नवा बोल्ट, नवं सील, नवा ऑइल पंप आणि अर्थात बेल्ट घातला. लिमिट परत ६५०० वर आणायला त्याने थोडी कुरकुर केली, पण पंपाचा चिरलेला गिअर त्याच्या हातात ठेवल्यावर गप्प बसला. डॅम्परवर लाल रेघ ओढून ठेवली आहे. एक हजार किलोमीटरला बघितली, सरळ होती. आता आठ हजारांवर गाडी येणार आहे, तेव्हा चाक काढून परत बघू.

निळी पुली मी परत दिली नाही. गॅरेजच्या दाराशी दोन खिळ्यांवर ती आणि एक बाद झालेला डॅम्पर शेजारी शेजारी टांगलेत. कोणी हलकी पुली लावायला आला की त्याच्या हातात पाना देतो आणि दोन्हींवर वाजवायला सांगतो. निळी देवळातल्या घंटेसारखी बराच वेळ घुमत राहते. डॅम्पर थप्प करून गप्प होतो.